संस्था चालवताना ‘कारभारी’ असणं म्हणजे रोजच्या कामात नेमकं काय?

नवी_जबाबदारी यांचा प्रश्न

जय ख्रिस्त. मंडळीशी (चर्चशी) जोडलेल्या एका नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाचं अध्यक्षपद पुढच्या महिन्यापासून माझ्याकडे येत आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातलं गाव, दहावीपर्यंतची शाळा, ६० मुलींचं वसतिगृह, मिशनच्या काळातलं दगडी आवार आणि रस्त्यालगत अडीच एकर मोकळी जमीन, असा पसारा आहे.

बायबलमधल्या लूक १६ मधलं ‘आपल्या कारभारीपणाचा हिशेब दे’ हे वाक्य दानार्पणाच्या रविवारी हमखास वाचलं जातं आणि उपदेश दशमांशापाशी (उत्पन्नाचा दहावा भाग देण्यापाशी) येऊन थांबतो. माझा प्रश्न देणाऱ्याचा नाही, सांभाळणाऱ्याचा आहे. संस्था देवाची आणि आपण कारभारी, हे मनापासून मानायचं असेल तर सोमवारी सकाळी कार्यालयात बसल्यावर काय वेगळं करायचं?

नेमके मुद्दे असे. दानपेटी आणि देणग्यांची पद्धत कशी असावी? छतासाठी आलेल्या पैशातून वसतिगृहाचा किराणा भरला गेला आहे, ‘सगळं प्रभूचंच काम’ म्हणून. हे चालतं का? मोकळी जमीन ३० वर्षांच्या कराराने द्यायचा प्रस्ताव आला आहे. आणि कर्मचाऱ्यांचे पगार फार कमी आहेत, तिथे कुठून सुरुवात करावी? वचनांबरोबर व्यवहारही सांगावा ही विनंती.

---

किर्द_खतावणी

आधी शब्दाबद्दल. गावाकडे ‘कारभारी’ म्हणजे चार माणसांत ज्याचा शब्द चालतो तो. बायको नवऱ्यालाही कारभारी म्हणते. शुभवर्तमानातला कारभारी मात्र नोकर आहे. माल धन्याचा, किल्ली याच्याकडे, आणि धनी कधीही वही मागेल. म्हणून प्रत्येक पद्धत एका कसोटीवर घासून बघा: उद्या सकाळी पदावरून काढलं तर दुपारपर्यंत वही, किल्ली आणि रोकड दुसऱ्याच्या हाती देता येईल का?

दानपेटीसाठी २ राजे १२ वाचा. मंदिराच्या डागडुजीचा पैसा याजकच घेत होते, तेच ठेवत होते आणि खर्चही त्यांनीच करायचा होता. योवाश राजाच्या २३ व्या वर्षापर्यंत डागडुजी झाली नाही. याजक चोर होते असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. तिन्ही कामं एकाच हातात होती, एवढंच. मग झाकणाला भोक पाडलेली पेटी आली, आणि पैसा मोजायला राजाचा चिटणीस व मुख्य याजक दोघे बसू लागले. दोन वेगळ्या अधिकारांची दोन माणसं. आजही हीच पद्धत बसवा:

१. उपासना संपताच, त्याच इमारतीत, नात्यात नसलेल्या दोघांनी मोजणी करायची. मोजणाऱ्यांच्या जोड्या महिन्याला बदलायच्या.
२. ५००, २००, १०० च्या नोटा किती, नाणी किती, अशी चिठ्ठी भरून दोघांच्या सह्या. एक प्रत पेटीच्या वहीत, एक खजिनदाराकडे.
३. पूर्ण रक्कम बँकेच्या पुढच्या कामाच्या दिवशी खात्यात. भरण्याआधी त्यातून एक रुपयाही खर्च नाही, फुलांचे पैसेसुद्धा नाहीत. किरकोळ खर्चाला ठरावीक ₹५,००० ची वेगळी पेटी ठेवा; व्हाउचर दाखवल्यावर तेवढीच भर घालायची.
४. पैसे घेणारा, किर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) लिहिणारा आणि धनादेशावर सही करणारा ही तीन वेगळी माणसं.
५. बँकेच्या उताऱ्याशी ताळा दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत, आणि तो किर्द न लिहिणाऱ्या माणसाने घ्यायचा.

बिघाड बहुतेक वेळा दोन जागी होतो. एक, खजिनदार बाहेरगावी जाणार म्हणून कोऱ्या धनादेशांवर सह्या करून ठेवणं. दोन, भिंतीवर लावलेला क्यूआर कोड पाळकांच्या किंवा सचिवांच्या खासगी मोबाइल क्रमांकाचा असणं. हेतू कितीही स्वच्छ असो, तो पैसा संस्थेच्या दप्तरात जन्मालाच येत नाही. पहिल्याच आठवड्यात तो कोड काढा आणि न्यासाच्या खात्याचा लावा.

पावतीपुस्तकांचे अनुक्रमांक एका नोंदवहीत हवेत. रद्द पावती फाडून टाकायची नाही, दोन्ही प्रती जोडून ठेवायच्या. देणगीवरची आयकर सवलत (८०जी) हवी असलेल्या देणगीदाराला आधीच सांगा की ₹२,००० पेक्षा जास्त रोख रकमेवर ती मिळत नाही.

आता छताचा पैसा. नाही, चालत नाही. छतासाठी म्हणून दिलेला पैसा छताचाच. ‘सगळं प्रभूचंच काम’ हे खरं असलं तरी कोणतं काम हे देणाऱ्याने ठरवून दिलं होतं. पौलाने यरुशलेमच्या वर्गणीबाबत (२ करिंथ ८:२०-२१) सोबत माणसं घेतली ती याच काळजीने: प्रभूपुढे तर नीट असावंच, माणसांपुढेही असावं.

हे घडतं कारण समिती बँकेतली शिल्लक बघते. एक नमुना मांडतो. खात्यात ₹८,४०,००० आहेत. त्यातले छताचे ५,००,०००. शिष्यवृत्तीचे १,७५,०००. भरायचा राहिलेला पीएफ आणि टीडीएस ६२,०००. मुलींना परत द्यायची अनामत ९०,०००. उरले ₹१३,०००. सभेत ‘आठ लाख आहेत’ असं सांगितलं जातं आणि किराणा भरला जातो. दर मासिक सभेला असा एक तक्ता ठेवा, शेवटची ओळ ‘खरोखर वापरता येणारी रक्कम’. बँक खातं एकच असलं तरी चालेल, खतावणीत प्रत्येक निधीचं पान वेगळं हवं.

आधीच वापरलेल्या रकमेचं काय? सामान्य निधीतून छताच्या निधीत दरमहा किती परत जाणार याचा ठराव करा, रक्कम आणि शेवटची तारीख घालून. आणि देणगीदाराला पत्र लिहा. अशी पत्रं लिहिणं जड जातं, पण लेखापरीक्षकाकडून कळण्यापेक्षा आपल्याकडून कळलेलं केव्हाही बरं.

---

बांधावरून

जमिनीबद्दल मी लिहितो, कारण ख्रिस्ती संस्थांचं सर्वात मोठं नुकसान दानपेटीतून होत नाही, जमिनीतून होतं.

लेवीय २५:२३: जमीन कायमची विकायची नाही, कारण ती माझी आहे, तुम्ही माझ्याजवळ उपरे व पाहुणे आहात. विश्वस्ताची कायद्यातली जागाही जवळपास तीच आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०, कलम ३६: न्यासाच्या स्थावर मिळकतीची विक्री, अदलाबदल किंवा बक्षीस धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय करता येत नाही. भाडेपट्ट्यालाही मर्यादा आहे: शेतजमीन असेल तर १० वर्षांपेक्षा जास्त, बिनशेती जमीन किंवा इमारत असेल तर ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीला मंजुरी लागते. तेव्हा ३० वर्षांच्या करारावर समितीने नुसता ठराव करून सही करणं बेकायदा होईल. इसार घेऊ नका, ‘समजुतीचा करारनामा’ करू नका, ताबा तर अजिबात देऊ नका. एकदा समोरच्याने कुंपण घातलं की पुढची कित्येक वर्षं वकिलांची फी वसतिगृहाच्या ताटातून जाते.

११ महिन्यांचा करार पुन:पुन्हा वाढवत राहणं हा सुटकेचा मार्ग लोकांना वाटतो. कागदावर मुदत छोटी दिसते, पण भाडेकरू तिथे पक्कं बांधकाम करतो आणि प्रत्यक्षात जागा हातची जाते. जागा देणार असाल तर मूल्यांकन करून घ्या, जाहिरात देऊन लेखी देकार मागवा, आणि न्यासाच्या उद्देशासाठी हा व्यवहार का गरजेचा आहे हे ठरावात कारणांसह लिहा. आयुक्तांच्या कार्यालयात पहिला प्रश्न हाच येतो, आणि कारभाऱ्याने स्वतःला विचारायचा पहिला प्रश्नही हाच आहे.

प्रस्तावाला उत्तर देण्याआधी कागद गोळा करा. सार्वजनिक न्यास नोंदवहीचा उतारा, प्रत्येक गटाचा सातबारा, गावठाणातली मिळकत पत्रिका, मोजणीचा नकाशा. चारही समोर ठेवून एक तक्ता करा: गट किंवा सर्वे क्रमांक, क्षेत्र, सातबाऱ्यावर नाव कोणाचं, नोंदवहीत मिळकत लागली आहे का, आज प्रत्यक्ष ताबा कोणाचा. जुन्या मिशन-आवारांत नेहमी सापडणारा घोळ म्हणजे सातबाऱ्यावर अजून परदेशी मिशन सोसायटीचं नाव, हस्तांतरणाचा कागद कपाटात, आणि फेरफार कधी झालेलाच नाही. असं असेल तर आधी तो फेरफार, प्रस्ताव नंतर.

वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, दोन विश्वस्तांनी हद्दीवरून पायी चालून यायचं, खुणांचे फोटो तारखेसह काढायचे आणि इतिवृत्तात नोंद करायची. दुसऱ्याने सलग १२ वर्षं उघडपणे, आपलीच म्हणून जागा वापरली तर तो हक्क सांगू शकतो. गप्प बसणंही संस्थेला महागात पडतं.

आणखी एक, जे भल्या हेतूने घडतं: पगाराला पैसे कमी पडले म्हणून एखादा विश्वस्त खिशातून ‘हातउसने’ देतो. कलम ३६अ प्रमाणे न्यासासाठी कर्ज घ्यायलाही पूर्वमंजुरी लागते. द्यायचेच असतील तर देणगी म्हणून द्या आणि पावती घ्या.

---

दररोजची_भाकर

वरचं सगळं पटतं. तरी एक शंका. निधी, तक्ते, राखीव रकमा यांच्यामागे लागताना आपण विश्वासाने चालायचं विसरत नाही ना? लूक १२ मधला श्रीमंत माणूस कोठारं मोठी करतो आणि त्याच रात्री त्याचा जीव मागितला जातो. मंडळीने दिलेला पैसा खात्यात पडून राहावा का? माझ्या मते गरज समोर असताना राखून ठेवणं हाच अविश्वास.

---

किर्द_खतावणी

प्रश्न योग्य आहे. पण कोठाराच्या गोष्टी पवित्र शास्त्रात दोन आहेत. लूक १२ मधला माणूस स्वतःच्या जिवाला म्हणतो, ‘खा, पी, आनंद कर’. उत्पत्ती ४१ मधला योसेफ सुकाळाच्या ७ वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा काढून ठेवतो, आणि तो दुष्काळात इतरांना मिळतो. कोठार तेच, कोणासाठी, हा फरक. तिसरी बाजूही लक्षात ठेवा: निर्गम ३६ मध्ये निवासमंडपासाठी गरजेपेक्षा जास्त येऊ लागलं, तेव्हा मोशेने लोकांना आणणं थांबवायला सांगितलं. छताचं काम ५ लाखांत होणार असेल तर ५ लाख जमल्यावर ते आवाहन मागे घ्यायचं.

वसतिगृहाला योसेफाचा हिशेब लागतोच. अनुदान उशिरा आलं म्हणून ६० मुलींना ‘विश्वास ठेवा’ म्हणून उपाशी झोपवता येत नाही. ३ महिन्यांचे पगार अधिक ३ महिन्यांचा किराणा, इतकी राखीव रक्कम हे पहिलं लक्ष्य. ६ महिन्यांपुढे जायची सहसा गरज नाही. ती मुदत ठेवीत, अनुसूचित बँकेत ठेवा. विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३५ मध्ये ठरवून दिलेल्या जागा सोडून न्यासाचा पैसा गुंतवता येत नाही. जास्त व्याज देणारी गावची पतसंस्था हा मोह टाळा.

आयकरही एक शिस्त लावतो. वर्षाच्या उत्पन्नातले ८५% उद्देशांवर खर्च व्हायला हवेत, १५% विनाअट राखता येतात. त्याहून जास्त राखायचं तर नेमका हेतू सांगून, मुदतीत अर्ज भरून, जास्तीत जास्त ५ वर्षांसाठी. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घाईने खुर्च्या विकत घेणाऱ्या संस्था असतात. त्यांनी जानेवारीतच हा आकडा काढला असता तर तोच पैसा गरजेच्या जागी गेला असता.

---

मेट्रन_ते_मुख्याध्यापक

पगाराचा मुद्दा कोणी घेतला नाही म्हणून लिहिते.

ख्रिस्ती संस्थांत ‘ही नोकरी नाही, सेवा आहे’ हे वाक्य बहुतेक वेळा ज्याचा पगार कमी त्यालाच ऐकवलं जातं. स्वयंपाकीण, पहारेकरी, सफाई करणाऱ्या बाई. मळणी करणाऱ्या बैलाला मुसके घालू नको हे अनुवाद २५:४ मधलं वाक्य पौलाने दोनदा वापरलं आहे, आणि तीमथ्याच्या पत्रात त्याला जोडूनच म्हटलं आहे की कामकऱ्याला त्याची मजुरी मिळालीच पाहिजे. लेवीय १९:१३ तर मजुरी रात्रभरही ठेवून घेऊ देत नाही.

सुरुवात पगारवाढीने करू नका. आधी देणी बघा. प्रत्येक कर्मचाऱ्यामागे एक ओळ: रुजू तारीख, मूळ पगार व महागाई भत्ता, नेमणूकपत्र आहे की नाही, पीएफ लागू आहे का, शिल्लक रजा, आजच्या तारखेची ग्रॅच्युइटी. ग्रॅच्युइटीचं सूत्र सोपं आहे: शेवटचा पगार × १५ ÷ २६ × सेवेची वर्षं. ₹१८,००० पगार आणि २२ वर्षं सेवा असेल तर सुमारे ₹२,२८,४६२. एका स्वयंपाकिणीचे सव्वादोन लाख, आणि असे १० जण असतील तर? निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ आणि फ्रेम केलेलं वचन देऊन हे फिटत नाही. विमा कंपनीची समूह ग्रॅच्युइटी योजना घ्या किंवा दर वर्षी त्या वर्षाची रक्कम वेगळ्या ठेवीत टाका. मागची सगळी एकदम जमणार नाही. ५ वर्षांत भरून काढायचा ठराव करा.

पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरायचाच. पगारातून कापलेला पीएफ संस्थेचा नसतो. तो चार दिवस वापरणं म्हणजे कर्मचाऱ्याकडून न विचारता घेतलेलं कर्ज.

मग किमान वेतन. जिथे ते पाळलं जात नाही तिथे आधी ते, आणि समारंभाचा खर्च त्यानंतर. वाढ सगळ्यांना सारख्या टक्क्यांनी देऊ नका. १०% मध्ये मुख्याध्यापकाला जेवढं जास्त मिळतं तेवढा स्वयंपाकिणीचा अर्धा पगार असतो. खालच्या तीन श्रेणींना ठरावीक रक्कम द्या.

दुसरी गोष्ट अधिकाराची. मत्तय २५ मध्ये धनी प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणे देतो आणि मग निघून जातो. तो रोज फोन करून विचारत नाही. निर्गम १८ मध्ये सासरा इथ्रोही मोशेला हेच सांगतो: हजार, शंभर, पन्नास, दहा यांच्यावर माणसं नेम, नाहीतर तूही थकशील आणि हे लोकही. तेव्हा खर्चाची मर्यादा लिहून द्या. उदाहरणार्थ, मेट्रन एका वेळी ₹३,००० पर्यंत स्वतःच्या निर्णयाने, मुख्याध्यापक ₹२५,००० पर्यंत, त्यावर समितीचा ठराव आणि तीन दरपत्रकं. गॅस संपला म्हणून मेट्रनला अध्यक्षांच्या सहीसाठी थांबावं लागत असेल तर तिला जबाबदारी दिली, अधिकार मात्र दिला नाही. आणि मर्यादेत तिचा निर्णय चुकला तर सभेत तिची पाठराखण करा. चूक कुठे झाली ते नंतर एकटीला सांगा.

नात्यातली नेमणूक किंवा विश्वस्ताच्याच दुकानातून खरेदी असा विषय आला की त्या विश्वस्ताने खोलीबाहेर जायचं, आणि ‘अमुक सदस्य चर्चेच्या वेळी उपस्थित नव्हते’ असं इतिवृत्तात लिहायचं. नुसतं ‘मत दिलं नाही’ पुरत नाही. समोर बसलेल्या माणसाच्या पुतण्याला नाही म्हणणं कोणालाही अवघड जातं.

---

नवी_जबाबदारी

मनापासून आभार. दोन गोष्टी राहिल्या. मंडळीतली काही कुटुंबं परदेशात आहेत, ती देणगी द्यायला तयार आहेत. आमची एफसीआरए (विदेशी देणगी घेण्यासाठी लागणारी) नोंदणी नाही. आणि पदभार घेताना नेमकं काय काय ताब्यात घ्यायचं?

---

बांधावरून

देणगीबद्दल: पासपोर्ट बघा, पत्ता नाही. भारतीय नागरिक दुबईत किंवा लंडनमध्ये राहत असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. त्याच्याकडून पासपोर्टची प्रत घेऊन पावतीला जोडा. परदेशी नागरिकत्व घेतलेला माणूस, ओसीआय (भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असलं तरी, विदेशी स्रोत आहे. नोंदणी किंवा सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय त्याचे पैसे घेता येत नाहीत. ‘भावाच्या खात्यावर पाठवतो, तो तुम्हाला देईल’ ही वाट धरू नका. पुढे नोंदणी मिळाली तर २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच येतो, प्रशासकीय खर्चाला २०% ची मर्यादा आहे, आणि तो पैसा दुसऱ्या संस्थेला, अगदी भगिनी संस्थेलाही, देता येत नाही.

---

किर्द_खतावणी

पदभारासाठी एज्रा ८ उघडा. बाबेलहून निघताना एज्रा १२ याजकांच्या हाती सोनं-चांदी तोलून देतो: ६५० किक्कार (वजनाचं जुनं माप) चांदी, १०० किक्कार सोनं, अगदी पितळेच्या दोन पात्रांचीही नोंद. यरुशलेमेत पोचल्यावर तीन दिवस विश्रांती, चौथ्या दिवशी मंदिरात सगळं पुन्हा तोललं जातं, संख्या आणि वजन दोन्ही, आणि लिहून ठेवलं जातं. ज्यांना देताना एज्रा ‘तुम्ही परमेश्वराला पवित्र आहात’ म्हणाला, त्यांच्याकडूनही तोलूनच घेतलं. मावळत्या अध्यक्षांना हा भाग आधी वाचून दाखवलात तर मोजणी म्हणजे संशय, असं त्यांना वाटणार नाही.

एक दिवस राखून ठेवा, मावळते आणि नवे दोघेही हजर, सोबत लेखापाल. रोकड मोजून, बँक शिल्लक उताऱ्यावरून, मुदत ठेवींच्या मूळ पावत्या क्रमांकासह. वापरलेली व कोरी पावतीपुस्तकं, धनादेशपुस्तकातला पुढचा क्रमांक. इतिवृत्ताच्या वह्या, जडसंग्रह (टिकाऊ सामानाची) नोंदवही घेऊन प्रत्यक्ष खोल्यांतून फेरी. मूळ खरेदीखतं, नकाशे, चालू दाव्यांची यादी आणि पुढच्या तारखा. किल्ल्या, शिक्के, आणि आता नेहमी विसरली जाणारी गोष्ट: नेटबँकिंग, आयकर पोर्टल, पीएफ पोर्टल यांचे पासवर्ड आणि त्यांना जोडलेले मोबाइल क्रमांक. ओटीपी जुन्या सचिवांच्या फोनवर जात राहिला तर दप्तर तुमच्याकडे आणि किल्ली त्यांच्याकडे. दोन प्रतींत यादी, दोघांच्या सह्या, न सापडलेल्या वस्तूंपुढे ‘आढळली नाही’ असं स्पष्ट लिहून.

विश्वस्त बदलल्याचा बदल अहवाल धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांच्या आत द्यायचा आहे. ठराव आणि नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं त्याच दिवशी तयार करून घ्या. हा अहवाल रखडला की बँक सह्या बदलायला तयार होत नाही आणि पगार अडकतात.

त्या यादीची एक प्रत तुमच्या कपाटात आजच वेगळी ठेवा. तुमच्यानंतर येणाऱ्याला तीच लागेल.